अल्जेरिया १९९२: रद्द झालेली निवडणूक आणि त्यानंतरचं दशक

ओसरी
आपल्याकडे मुस्लिम जगातल्या राजकारणावर बोलणं निघालं की ते पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तानच्या पलीकडे सरकत नाही. अल्जेरियाचं नाव कुणी काढतच नाही, आणि हे मला फार सलतं. १९९० च्या दशकात त्या देशात दीड ते दोन लाख माणसं मारली गेली असा अंदाज सर्रास दिला जातो. मारणारे मुसलमान, मरणारे मुसलमान, आणि दोन्ही बाजूंना ठाम नकार देणारेही मुसलमानच. या तिसऱ्या लोकांबद्दल बोलता यावं म्हणून हा धागा काढतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात देतो. फ्रेंचांची १३२ वर्षांची राजवट संपून ५ जुलै १९६२ ला अल्जेरिया स्वतंत्र झाला. स्वातंत्र्ययुद्ध लढलेला एफएलएन हा एकच पक्ष उरला, त्याच्या पाठीशी सैन्य होतं आणि तिजोरीत तेल व गॅसचा पैसा. १९६५ मध्ये कर्नल बूमेदिएननं पहिले अध्यक्ष बेन बेला यांना हटवलं, तेव्हापासून कळीचे निर्णय सैन्याच्या वरच्या वर्तुळातच होत आले. परदेशातून येणारा जवळजवळ सगळा पैसा तेल-गॅसचा. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि देशाचं कंबरडं मोडलं. एका खोलीत दोन-दोन पिढ्या झोपताहेत, शिकलेली पोरं दिवसभर भिंतीला टेकून उभी आहेत, दुकानात रवा मिळत नाही, अशी अवस्था. ऑक्टोबर १९८८ मध्ये राजधानी अल्जिअर्समधली हीच पोरं रस्त्यावर उतरली. सैन्यानं गोळ्या झाडल्या, शेकडो मेले.

हादरलेल्या अध्यक्ष शादली बेनजदीद यांनी १९८९ मध्ये नवी घटना आणली आणि इतर पक्षांना परवानगी दिली. माझा मुख्य मुद्दा इथे आहे. पाव शतकाहून जास्त काळ पक्ष, कामगार संघटना, वर्तमानपत्रं सगळं सरकारच्या मुठीत. माणसांना जमायला एकच जागा उरली होती, मशीद. तिच्यावरही सरकारची नजर होती, पण गल्लीबोळातल्या, लोकांनी वर्गणी काढून बांधलेल्या मशिदी सरकारला ताब्यात ठेवता आल्या नाहीत. त्यामुळे दार उघडलं तेव्हा प्रत्येक मोहल्ल्यात कार्यकर्ते तयार असलेला एकच नवा पक्ष होता, इस्लामिक मुक्ती आघाडी, म्हणजे 'फिस'. ऑक्टोबर १९८९ मध्ये तिपाझा भागात भूकंप झाला तेव्हा फिसची पोरं तंबू, घोंगड्या, अन्न घेऊन सरकारी यंत्रणेच्या आधी पोचली. लोकांनी ते लक्षात ठेवलं. जून १९९० च्या स्थानिक निवडणुकांत फिसला ५४ टक्के मतं पडली.

मग २६ डिसेंबर १९९१, संसदेची पहिली फेरी. निकाल लागलेल्या २३१ जागांपैकी १८८ फिसला. दुसरी फेरी १६ जानेवारीला होणार होती. ११ जानेवारी १९९२ ला सैन्यानं बेनजदीद यांना राजीनामा द्यायला लावला आणि लगोलग निवडणूकच रद्द केली. मार्चमध्ये फिसवर बंदी आली आणि हजारो लोकांना सहाराच्या वाळवंटातल्या छावण्यांत डांबलं गेलं. पुढे जे झालं त्याला तिथे 'काळं दशक' म्हणतात.

निवडणूक रद्द करणं चूक होतं असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं काय?

कातळकोंड
लेख आवडला, पण निष्कर्ष पटला नाही. फिस म्हणजे भूकंपात घोंगड्या वाटणारी सेवाभावी संस्था नव्हे. त्यांचा दोन नंबरचा नेता अली बेलहाज मशिदीतून उघड सांगायचा की लोकशाही म्हणजे कुफ्र, धर्मद्रोह. सत्ता एकदा हातात आली की पुन्हा निवडणूक होणार नाही, ही भीती अल्जेरियातल्या लेखकांना, शिक्षकांना, बायकांना खरोखर वाटत होती. त्यांना सैन्याचे हस्तक म्हणणं अन्याय होईल. विचारसरणीचा मुद्दा बाजूला सारून सगळं तेलाच्या भावावर आणि बेकारीवर ढकललं की उत्तर सोपं होतं, पण अपुरं राहतं. बेकारी लॅटिन अमेरिकेतही होती, तिथे कुणी काफर ठरवून गळे कापले नाहीत.

ओसरी
कातळकोंड, विचारसरणी मी बाजूला सारत नाही. बेलहाजबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि त्याची भाषणं ऐकायला येणारी गर्दीही खरी होती. फिसमध्ये अब्बासी मदनीसारखे सावध बोलणारेही होते, पण बेलहाजला त्यांनी आवरलं नाही, कारण पोरं त्याच्यामुळे येत होती. याची जबाबदारी फिसवरच आहे.

पण आकडे बघा. १९९० मध्ये फिसला सुमारे ४३ लाख मतं होती. दीड वर्षात ती ३२-३३ लाखांवर आली. म्हणजे नगरपालिका चालवताना त्यांची जी काही रीत दिसली ती बघून दहा लाख लोक मागे सरले होते! एकूण नोंदलेले मतदार १ कोटी ३२ लाख. त्यातल्या चौथ्या हिश्शानं १८८ जागा दिल्या. कशा? मतदारसंघांची आखणी आणि दोन फेऱ्यांचा कायदा एफएलएननं स्वतःच्या सोयीसाठी केला होता. मोठ्या पक्षाला झुकतं माप मिळावं, आणि मोठा पक्ष आपणच, हे गृहीत धरून. ते त्यांच्यावरच उलटलं. एफएलएनला सोळा लाखांच्या आसपास मतं पडली आणि जागा वीसही नाहीत. आइत अहमद यांच्या समाजवादी आघाडीला मतं पाचेक लाख, पण ती कबाइली या बर्बर लोकांच्या भागात एकवटलेली, म्हणून जागा २५.

प्रमाणशीर पद्धत असती तर फिसला एकट्याच्या बळावर राज्य करता आलं नसतं. अध्यक्षपद, सैन्य, तिजोरी सगळं तरीही बाहेरच होतं. २ जानेवारी १९९२ ला आइत अहमद यांच्या हाकेला ओ देऊन लाखो लोक अल्जिअर्समध्ये मोर्चाला आले. त्यांची घोषणा होती, पोलिसी राज्य नको आणि धर्माचं राज्यही नको. तो मोर्चा निवडणूक रद्द करा म्हणून नव्हता, दुसऱ्या फेरीत घराबाहेर पडून मत द्या म्हणून होता. नऊ दिवसांनी त्या लोकांच्या हातातून मत काढून घेतलं गेलं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

पिंपळपार
वाचतोय. अल्जेरियाबद्दल फुटबॉल आणि राई नावाची तिथली लोकप्रिय गाणी सोडून काही माहीत नव्हतं.

ओसरी
पिंपळपार, राईचं नाव काढलंत म्हणून सांगतो. शेब हसनी हा प्रेमगीतं गाणारा तरुण गायक २९ सप्टेंबर १९९४ ला ओरानमध्ये, स्वतःच्याच मोहल्ल्यात गोळ्या घालून मारला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये ओरानचेच नाटककार अब्देलकादर अलूला यांनाही मारलं. त्याआधी १९९३ मध्ये कवी-पत्रकार ताहर जाऊत. जो शब्दांवर जगत होता तो निशाण्यावर होता.

वाळूवाट
मी तिथे गॅस प्रकल्पावर काम केलंय, हासी र्मेल भागात. जानेवारी २०१३ मध्ये इन अमेनासजवळच्या गॅस प्रकल्पावर हल्ला होऊन चाळीसच्या आसपास ओलीस मारले गेले, त्यानंतरचा हा काळ. कंपाउंडबाहेर पडायचं तर सोबत जाँदार्मरीची, म्हणजे निमलष्करी पोलिसांची गाडी असल्याशिवाय फाटक उघडत नसे.

आमचा ड्रायव्हर मेदेआकडचा. राजधानीच्या दक्षिणेचा हा डोंगराळ भाग नव्वदच्या दशकात फार होरपळला. पहिले बरेच महिने तो या विषयावर बोलला नाही. मग एकदा रमजानमध्ये, रोजा सोडल्यावर चहा घेत बसलो असताना त्यानं खोट्या नाक्यांचं सांगितलं. सशस्त्र गटाची माणसं सैन्याचा गणवेश घालून रस्ता अडवायची. बस थांबली की कागदपत्रं बघायची. सक्तीची लष्करी सेवा करणाऱ्या पोराच्या खिशात लष्कराचं कार्ड निघालं की तो तिथेच संपला. आणि नाका खरा असला, पण दाढी असली, तरी उतरवून घेऊन जायचे, ते पुन्हा दिसायचे नाहीत. मग लोकांनी ओळखायची खूण काढली होती: नाका दिसला की आधी पायाकडे बघायचं. फौजी बूट असले तर बहुतेक खरे, खेळायचे कॅनव्हासचे बूट असले तर खोटे. "पण बूट दिसेपर्यंत बस थांबलेली असायची," असं तो म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ लष्करी सेवेत होता. सुट्टीला यायचा तेव्हा केस वाढवून यायचा आणि कार्ड बुटाच्या तळव्याखाली शिवलेलं असायचं.

मी त्याला विचारलं, तुम्ही मत कुणाला दिलं होतं? म्हणाला, फिसला, वडिलांनी आणि मी, दोघांनी. का? तर गावातला एफएलएनचा माणूस घर मिळवून द्यायचे पैसे मागायचा आणि फिसचा माणूस मागत नव्हता. एवढंच. त्याला शरियत वगैरे काही माहीत नव्हतं, आणि तो रोज नमाज पढणारा माणूस होता.

जांभूळबन
वाळूवाट, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

बायकांचा मुद्दा कातळकोंड यांनी एका वाक्यात उरकला, तो मला सविस्तर मांडायचाय. सैन्य विरुद्ध मूलतत्त्ववादी असं चित्र उभं केलं की सैन्य आपोआप बायकांचं रक्षक ठरतं. तसं नव्हतं. १९८४ चा कौटुंबिक कायदा फिसनं आणलेला नाही. फिस तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तो एफएलएनच्या, म्हणजे तथाकथित आधुनिक सरकारच्या संसदेनं केला. सज्ञान बाईलाही लग्नाला वाली म्हणजे पुरुष पालक हवा, बहुपत्नीत्व कायदेशीर, तलाकची मोकळीक नवऱ्याला. स्वातंत्र्ययुद्धात बाँब वाहून नेलेल्या, फ्रेंचांच्या तुरुंगात छळ सोसलेल्या बायका या कायद्याविरुद्ध अल्जिअर्सच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या होत्या. तरी तो झालाच. धार्मिक मंडळींना खूश ठेवायला सरकारनं दिलेली ती किंमत होती, आणि ती बायकांच्या पदरातून दिली. २००५ मध्ये काही दुरुस्त्या झाल्या, पण वाली राहिलाच.

आणि मग सशस्त्र इस्लामी गट, म्हणजे जीआयए. कातिया बेंगाना ही सतरा वर्षांची मुलगी डोकं झाकायला नकार दिला म्हणून फेब्रुवारी १९९४ मध्ये मेफ्ताह गावात मारली गेली. त्याच वर्षी जीआयएनं शाळा बंद ठेवायचा हुकूम काढला, शेकडो शाळा जाळल्या. सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा आयाबापांनी पोरींचे केस विंचरून त्यांना शाळेत पाठवलं. यातल्या बहुतेक आया स्वतः डोकं झाकणाऱ्या, नमाजी होत्या. राजकीय इस्लामला अल्जेरियात सगळ्यात मोठा दणका कुणी दिला असेल तर तो या बायकांनी, असं मी मानते. रणगाड्यांना हे श्रेय द्यायला माझी तयारी नाही.

कातळकोंड
जांभूळबनताई, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. पण मुलींच्या शाळा जाळणाऱ्यांना बळ कुठून मिळालं, हेही सांगायला हवं. अफगाणिस्तानात रशियनांशी लढून परतलेले शेकडो अल्जेरियन तरुण या गटांच्या मुळाशी होते. त्या युद्धाला सौदी पैसा आणि अमेरिकन शस्त्रं मिळाली होती. निवडणूक रद्द झाली नसती तरी ही माणसं गप्प बसली नसती. सैन्याच्या एका तळावर त्यांनी नोव्हेंबर १९९१ मध्येच, म्हणजे निवडणुकीच्या आधी, हल्ला केला होता.

ओसरी
गेम्मारचा हल्ला, बरोबर. हा मुद्दा मला मान्य आहे. बंदुकीवर विश्वास असलेले लोक आधीपासून होते. पण नोव्हेंबर ९१ मध्ये ते मूठभर होते. ११ जानेवारीनंतर त्यांना प्रत्येक मोहल्ल्यात सांगता आलं, बघा, मतपेटीनं काही होत नाही असं आम्ही म्हणत होतोच. वाळवंटातल्या छावण्यांतून सुटून आलेल्या पोरांपुढे याला उत्तर उरलं नव्हतं.

दाभोळखाडी
बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी रत्नागिरी जिल्ह्यातला मुसलमान. कुठेही स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी विचारतंच, तुमचे लोक निषेध का करत नाहीत? विचारणारा वाईट नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. म्हणून या धाग्यात एक नाव मला नोंदवायचं आहे.

शेख मोहम्मद बूस्लिमानी. ब्लिदा शहराचे, दीनी माणूस, अनाथ आणि गरिबांसाठी मोठी संस्था चालवणारे. विचारानं इस्लामी चळवळीतलेच. नोव्हेंबर १९९३ मध्ये जीआयएनं त्यांना घरातून पळवून नेलं. त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती: आम्ही जे खून करतोय ते धर्माला मंजूर आहेत असा फतवा. त्यांनी तो दिला नाही. काही आठवड्यांनी त्यांचा मृतदेह मिळाला. एका कागदावर सही केली असती तर जगले असते.

आणि ते एकटे नव्हते. फिसच्या संस्थापकांपैकी असलेले इमाम अब्देलबाकी सहराउई यांना जुलै १९९५ मध्ये पॅरिसमध्ये मशिदीत गोळ्या घातल्या. फिसचेच मोहम्मद सईद, जे जीआयएत सामील झाले होते, त्यांना जीआयएनंच मारलं. शेवटी अंतर झुआब्रीच्या नेतृत्वाखाली या गटानं आपल्या बाजूनं न लढणाऱ्या अख्ख्या समाजालाच काफर ठरवलं. ज्या मुसलमानांच्या नावानं लढाई सुरू केली, ते सगळेच काफर!

आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांना घेऊन विधानभवनावर गेले, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांची धर्माबद्दलची सगळी मतं मला पटत नाहीत, मी श्रद्धा असलेला माणूस आहे. पण समाजाच्या आतून उभं राहून नाही म्हणायला काय लागतं ते मी त्यांच्याकडे बघून समजतो. बूस्लिमानी दलवाईंसारखे सुधारक नव्हते, दोघांची तोंडं दोन दिशांना. तरी मला दोघांबद्दल सारखाच आदर वाटतो.

पिंपळपार
दाभोळखाडी, लिहीत राहा. हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.

एक प्रश्न. १९९७ च्या गावोगावच्या कत्तलींबद्दल वाचलं की त्या सैन्यानंच घडवल्या असं काही ठिकाणी म्हटलंय. खरं काय?

वाळूवाट
यावर तिथे कुणीही मोकळेपणानं बोलत नाही. बेन्तल्हाच्या कत्तलीबद्दल मी विचारलं तेव्हा ड्रायव्हरनं उठून चहाचे पेले धुवायला घेतले.

ओसरी
पिंपळपार, खात्रीनं सांगता येतं तेवढंच सांगतो. बेन्तल्हा हे अल्जिअर्सच्या दक्षिणेचं उपनगर. २२ सप्टेंबर १९९७ च्या रात्री हल्लेखोर घराघरांत शिरले आणि पहाटेपर्यंत कत्तल चालली. मृतांचा आकडा सरकारनं शंभराच्या आत सांगितला, इतर अंदाज दोनशे ते चारशे. सैन्याच्या तुकड्या जवळच होत्या आणि त्या आत आल्या नाहीत, असं वाचलेल्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. त्याआधी ऑगस्टच्या अखेरीला राइस गावात असंच झालं होतं. मारणारे जीआयएचे होते याला भक्कम आधार आहे. सैन्य का थांबलं, भीतीनं, नालायकीनं की जाणूनबुजून, याची स्वतंत्र चौकशी कधी होऊच दिली नाही.

आणखी एक गोष्ट. ही गावं-उपनगरं प्रामुख्यानं मितीजाच्या मैदानातली, म्हणजे १९९०-९१ मध्ये फिसला भरभरून मतं दिलेल्या भागातली. सुरुवातीला तिथल्या लोकांनी सशस्त्र गटांना भाकरी दिली, लपायला जागा दिली. मग खंडणी आणि खून बघून हात आखडता घेतला, काहींनी सरकारकडून बंदुका घेतल्या. कत्तली त्यांच्याच वाट्याला आल्या.

तिसरा_प्रहर
धागा उत्तम चाललाय. मला याला पुढच्या काळाची जोड द्यायची आहे. इजिप्तमध्ये निवडून आलेले मुस्लिम ब्रदरहूडचे अध्यक्ष मोर्सी यांना ३ जुलै २०१३ ला सैन्यानं हटवलं, १४ ऑगस्टला काहिरात राबा चौकात शेकडो निदर्शक मारले. ट्युनिशियात एन्नहदा या इस्लामी पक्षानं मात्र अल्जेरिया शेजारून बघितला होता. त्यांनी २०१४ मध्ये घटनेवर तडजोड केली आणि सरकार सोडलं. तरी २०२१ मध्ये अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली आणि एन्नहदाचे वयोवृद्ध नेते घनुशी २०२३ पासून तुरुंगात आहेत. मग तडजोड करणाऱ्याला मिळालं काय? हा प्रश्न मला खरंच छळतो.

ओसरी
तिसरा प्रहर, मलाही. अल्जेरियातही तडजोडीचा एक क्षण आला होता. जानेवारी १९९५, रोम, सांत एजिदिओ या कॅथलिक संस्थेच्या पुढाकारानं बैठक. टेबलाला कोण होतं बघा: फिस, आइत अहमद यांची आघाडी, लुइझा हनून यांचा डावा पक्ष, बेन बेला आणि चक्क एफएलएन. एकमेकांचं तोंड न बघणारे हे लोक एका कागदावर आले. सत्तेसाठी हिंसा नाही, मतदानानं सत्ताबदल, अनेक पक्ष, मूलभूत हक्क. सैन्यानं तो कागद झिडकारला. एफएलएनच्या ज्या सरचिटणीसांनी, अब्देलहमीद मेहरी यांनी, सही केली होती त्यांना वर्षभरात पदावरून काढलं. आणि जीआयएलाही रोमचा कागद नको होता. त्यानंतरच्या तीन वर्षांत राइस, बेन्तल्हा, रेलिझान इथल्या कत्तली झाल्या.

कातळकोंड
रोमच्या करारावर फिसची सही होती हे माहीत नव्हतं. फिसबद्दलचा माझा संशय तेवढ्यानं जात नाही, पण तो कागद झिडकारणं घोडचूक होती हे मान्य करतो.

बेपत्ता लोकांचं पुढे काय झालं?

जांभूळबन
कातळकोंड, तेच लिहायला आले होते. बूतेफ्लिका १९९९ मध्ये अध्यक्ष झाले, शस्त्रं टाकणाऱ्यांना माफी मिळाली, हिंसा ओसरली. लोक इतके थकले होते की कौल भरघोस मिळाला. सप्टेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय समेटाच्या सनदेवर पुन्हा कौल झाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २००६ मध्ये जो हुकूम निघाला त्यात सुरक्षा दलांविरुद्धच्या तक्रारी न्यायालयानं ऐकूच नयेत असं कलम आहे. शिवाय त्या काळाच्या जखमा उगाळून सरकारी संस्थांची बदनामी केली तर तीन ते पाच वर्षं तुरुंग. म्हणजे मुलगा कुणी नेला हे आईनं विचारायचं नाही. सरकारी हिशोबानं सुरक्षा दलांनी नेलेले बेपत्ता सहा हजारांहून जास्त, कुटुंबांच्या संघटना आकडा याहून मोठा सांगतात. भरपाई हवी तर आधी मृत्यूचा दाखला घ्या. अनेक आयांनी तो घेतला नाही. १९९८ पासून वर्षानुवर्षं त्या दर बुधवारी अल्जिअर्समध्ये मानवी हक्कांच्या सरकारी कार्यालयासमोर मुलांचे फोटो घेऊन उभ्या राहायच्या. यातल्या कितीतरी जणी आता हयात नाहीत.

१९९२ मध्ये संरक्षणमंत्री असलेले जनरल खालेद नेझार यांच्यावर स्वित्झर्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये आरोपपत्र दाखल झालं होतं. डिसेंबरमध्ये, खटला उभा राहण्याआधीच, ते वारले. अल्जेरियात त्यांच्यावर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले.

वाळूवाट
२०१९ च्या आंदोलनात हे फोटो पुन्हा रस्त्यावर आले होते. बूतेफ्लिका पाचव्यांदा उभे राहणार म्हटल्यावर २२ फेब्रुवारीपासून दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर लोक बाहेर पडायचे, लाखोंनी, आणि काचही फुटायची नाही. घोषणा होती, राज्य नागरी हवं, लष्करी नको. मी तेव्हा परत आलो होतो, पण ड्रायव्हर व्हिडिओ पाठवायचा. एकात त्याची मुलगी मोर्चात होती, डोक्याला रुमाल, खांद्यावर झेंडा. २ एप्रिलला बूतेफ्लिकांनी राजीनामा दिला. डिसेंबरमधल्या अध्यक्षीय निवडणुकीला ती मत द्यायला गेली नाही. सहीसकट सगळं आधीच ठरलंय, असं तिचं म्हणणं होतं. वडील मात्र गेले, आणि त्यावरून घरात मोठं भांडण झालं.